ओव्हनचा पंखा कां थांबत नाहीं?

पदार्थ भाजून झाला, ओव्हनचें बटन शून्यावर आणलें, आंतील दिवाहि मालवला, तरी स्वयंपाकघरांत एक मंद घरघर चालूच राहते. पांच मिनिटें जातात, दहा जातात. घरघर थांबत नाहीं. अशा वेळीं कोणी म्हणतो यंत्र बिघडलें, कोणी म्हणतो वीज फुकट जाते, आणि घरांत एखादा हौशी कारागीर असेल तर तो पंख्याची तारच सोडून टाकण्याची गोष्ट बोलूं लागतो. पहिल्या दोघांची समजूत चुकीची असली तरी निरुपद्रवी आहे. तिसऱ्याची मात्र घातक ठरूं शकते. ती कां, हें कळण्यासाठीं हा पंखा कोणाच्या हुकमानें फिरतो व कोणाच्या हुकमानें थांबतो, हें पाहिलें पाहिजे.

पूर्वीं दिवाळीच्या सुमारास नानकटाईचीं तबकें जवळच्या बेकरीच्या भट्टींत भाजून आणण्याची चाल पुण्या-मुंबईच्या अनेक घरांत होती. त्या भट्टीची राखण बेकरीवाला करीत असे. आतां ती भट्टीच विजेच्या ओव्हनच्या रूपानें घरांत आली असून, लांकडी कपाटाच्या एका कप्प्यांत जाऊन बसली आहे. तिची राखण करण्याचें काम ज्याच्याकडे आलें, तोच हा पंखा होय.

अशा ओव्हनमध्यें बहुधा दोन पंखे असतात व त्यांची गल्लत करून चालत नाहीं. एक पोकळीच्या मागच्या भिंतींत, जाळीआड दिसतो. गरम हवा पदार्थाभोंवतीं खेळती ठेवणें एवढेंच त्याचें काम. ओव्हन बंद केला कीं सामान्यतः तोहि थांबतो. दुसरा पंखा नजरेस पडत नाहीं. तो पोकळीच्या वर, पत्र्याच्या आवरणाखालीं असतो. भोंवतालची हवा ओढून घेऊन दरवाजा व बटनांची पट्टी यांमधील फटींतून ती बाहेर टाकणें हें त्याचें काम. ओव्हन बंद झाल्यावर ऐकूं येते ती घरघर बहुतेक वेळां या दुसऱ्या पंख्याची असते.

त्याची आवश्यकता उघड आहे. पोकळींत २०० ते २५० अंश सेल्सिअस उष्णतामान असतें, आणि तिच्यावर कांहीं बोटांच्या अंतरावर बटनें, घड्याळ, तारा व इलेक्ट्रॉनिक पट्टी बसवलेली असते. अशा पट्टीवरील कित्येक घटक ८५ किंवा फार तर १०५ अंशांपर्यंत टिकतील या हिशेबानेंच बनविलेले असतात. शिवाय भोंवतीं लांकडी कपाट असतेंच. बटन बंद केल्यानें नवी उष्णता निर्माण होणें थांबतें. परंतु भिंतींत व आवरणांत सांठलेली उष्णता जागच्या जागीं विरून जात नाहीं, ती हळूहळू वर चढूं लागते. पंखाहि त्याच क्षणीं थांबला, तर ओव्हन चालूं असतांना वरचा भाग तापला नसेल इतका तो बंद केल्यावर तापेल. म्हणून बंद केल्यानंतर पाव तास, अर्धा तास, कांहीं जातींच्या ओव्हनमध्यें तासभरहि पंखा फिरत राहणें हा बिघाड नव्हे. ती हेतुपुरस्सर केलेली योजना आहे. जो ओव्हन स्वतःस साफ करण्यासाठीं ५०० अंशांच्या जवळपास तापतो, त्याचा पंखा त्याहूनहि अधिक वेळ चालतो.

आतां हुकूम देणाऱ्याकडे वळणें योग्य होईल. पुष्कळ ओव्हनमध्यें हें काम रुपयाच्या नाण्याएवढी एक चकती करते. तिला थर्मोस्टॅट म्हणतात. दोन भिन्न धातूंचे पत्रे एकमेकांस घट्ट जोडून ती केलेली असते. उष्णतेनें सर्व धातू प्रसरण पावतात, परंतु सारख्या प्रमाणांत नव्हे. एक मीटर लांबीची पितळेची पट्टी १०० अंशांनीं तापविली तर सुमारें १.९ मिलिमीटर वाढते. पोलादाची सुमारें १.२ मिलिमीटर वाढते. आणि लोखंड व निकेल यांच्या ‘इन्व्हार’ नांवाच्या मिश्र धातूची वाढ सुमारें ०.१ मिलिमीटरच भरते. हा मिश्र धातु शार्ल एदुआर गियोम यांनीं १८९६ सालीं शोधून काढला आणि १९२० सालीं त्यांना पदार्थविज्ञानाचें नोबेल पारितोषिक मिळालें. अधिक वाढणारा व कमी वाढणारा पत्रा एकत्र जोडला म्हणजे तापल्यावर त्या जोडीस वांकण्यावांचून गत्यंतर नसतें. अठराव्या शतकाच्या मध्यास जॉन हॅरिसन या इंग्रज घड्याळजीनें आपल्या सागरी घड्याळांत हीच युक्ति योजिली होती.

ओव्हनमधील चकती ठराविक उष्णतामानास पोंचली कीं ‘टक्’ असा आवाज होऊन ती उलटी फुगते व दोन टोकें जुळवून पंख्याची वीज चालूं करते. पुरेशी निवली म्हणजे ती पुन्हां पूर्ववत् होते आणि पंखा थांबतो. तात्पर्य, पंखा बटनाचें ऐकत नाहीं; तो उष्णतेचें ऐकतो. नव्या धर्तीच्या कांहीं ओव्हनमध्यें चकतीऐवजीं उष्णता मोजणारी शलाका व इलेक्ट्रॉनिक पट्टी हें काम करतात, परंतु तत्त्व तेंच.

यावरून निदानाचें मुख्य सूत्र हातीं येतें. जो पंखा फिरतो आहे तो स्वतः बिघडलेला नाहीं; दोष असलाच तर तो त्यास थांबविणाऱ्यांत शोधावयाचा. न थांबणाऱ्या पंख्याच्या जागीं नवा पंखा बसविणें म्हणजे पैसे वायां घालविणें होय.

दोष खरोखर आहे कीं नाहीं, हें घरांतील कोणासहि हत्यारावांचून ठरवितां येतें. ओव्हन रात्रभर निवूं द्यावा. सकाळीं पत्रा हातास थंड लागत असूनहि पंखा फिरतच असेल, तर बिघाड निश्चित. मग मुख्य स्विच दहा मिनिटें बंद ठेवून पुन्हां चालूं करावा. पंखा गप्प राहिला, तर इलेक्ट्रॉनिक पट्टीचा क्षणिक घोटाळा झाला होता असें समजावें. लागलीच फिरूं लागला, तर टोकें चिकटलेलीं असण्याचा संभव फार. वीज जोडतांना व तोडतांना प्रत्येक वेळीं बारीकशी ठिणगी उडते. तिनें टोकें खरबरीत होत जातात व अखेरीस एकमेकांस डकतात.

पंखा थांबतो, परंतु पूर्वीपेक्षां फार उशिरां, अशी तक्रार असेल तर कारण आंत नसून बाहेर असतें. कपाटामागील हवेची वाट फडक्यांनीं वा डब्यांनीं बुजली आहे काय, पुढची फट तेल व धुळीनें भरली आहे काय, हें पाहावें. दरवाजाची कड ढिली झाली तरीहि उष्णता वर जाते. थंड ओव्हनच्या दरवाजांत रबरी पट्टी असेल तेथें कागदाचा चिटोरा धरून दार लावावें. तो सहज सुटून आला तर त्या जागीं पट्टी झिजली आहे असें समजावें.

यापुढील काम वीजकारागिराचें. मुख्य स्विच बंद करून, टेस्टरनें खात्री करून घेऊन, मगच आवरण काढावयाचें. चकतीच्या दोन्ही तारा सोडून मीटर लावला असतां थंड चकतींतून वीज वाहतां कामा नये. वाहिली तर दोषी तीच. चकती निर्दोष असेल, किंवा मुळीं नसेलच, तर इलेक्ट्रॉनिक पट्टीवरील रिलेचीं टोकें तपासावीं. शलाकाहि तपासावी. पुष्कळ ठिकाणीं वापरली जाणारी प्लॅटिनमची शलाका शून्य अंशास १००० ओहम व २५ अंशांस सुमारें १०९७ ओहम अवरोध दाखविते. थंड असूनहि तिनें १७५० ओहम दाखविले, तर २०० अंश तापल्याची खोटी वर्दी ती देत आहे, आणि पंखा बिचारा ती खरी मानून फिरत आहे, असा अर्थ होतो.

येथें एक धोका ध्यानांत ठेवणें अत्यंत अवश्य आहे. पंख्याच्या चकतीसारखीच दिसणारी दुसरी एक चकती ओव्हनमध्यें असते. अति तापल्यास ती सर्व वीज तोडते. तिचें वागणें नेमकें उलट : थंड असतां तिच्यांतून वीज वाहते. दोहोंची अदलाबदल झाली, तर संरक्षणाची अखेरची तटबंदीच ढांसळेल. म्हणून नवी चकती जुनीवर छापलेल्या उष्णतामानाची, तितक्याच अँपियरची व त्याच जातीची असावी, आणि पत्र्यास सर्व बाजूंनीं टेकून बसवावी. मायक्रोवेव्ह ओव्हनचें आवरण तर घरगुती कारागिरानें मुळींच उघडूं नये. प्लग काढल्यावरहि त्यांतील कपॅसिटरमध्यें प्राणघातक वीज सांठून राहूं शकते.

दुरुस्ती झाल्यावर पंखा सुरूं झाला एवढ्यानें समाधान मानूं नये. ओव्हन २०० अंशांपर्यंत तापवून बंद करावा, आणि पंखा आपणहून थांबेपर्यंत वाट पाहावी. तें थांबणें हीच खरी परीक्षा.

राहिला विजेच्या खर्चाचा प्रश्न. असा पंखा २५ वॅटचा धरला, तर अखंड २४ तास फिरूनहि तो अवघें ०.६ युनिट घेतो. कारागीर येईपर्यंत ओव्हन पूर्ण थंड झाल्यावर मुख्य स्विच बंद ठेवला कीं तेवढाहि खर्च वांचतो. मात्र ओव्हन तापलेला असतांना तो स्विच बंद करूं नये, आणि पंख्याची तार तर कधींच सोडूं नये. न थांबणारा पंखा घराची झोंप मोडील एवढेंच. तार सोडून थांबविलेला पंखा पुढच्याच वेळीं इलेक्ट्रॉनिक पट्टी जाळील, आणि प्रसंगीं भोंवतालच्या लांकडालाहि आंच पोंचवील. अल्प किंमतीच्या चकतीचा दोष झांकण्यासाठीं सबंध ओव्हन, किंबहुना घरच, पणास लावण्यांत शहाणपण नाहीं.