हुकूमनामा म्हणजे वसुली नव्हे

उसने दिलेले पैसे अडकले की देणाऱ्याच्या मनात पहिला प्रश्न खरेखोटेपणाचा असतो. मी दिले, त्याने घेतले, चार माणसांना ठाऊक आहे. मग कोर्ट न्याय देईलच. पण कोर्टात खरेपणाइतकीच तारीख महत्त्वाची असते. १९६३ च्या मुदत कायद्याप्रमाणे अशा पैशांसाठी साधारणपणे ३ वर्षांत दावा लावावा लागतो: पैसे दिल्याच्या दिवसापासून, किंवा फेडीची तारीख ठरली असेल तर तिथपासून. ‘दिवाळीनंतर बघू’, ‘उसाचं बिल आलं की देतो’ अशा तोंडी वायद्यांत ही वर्षे सहज सरतात आणि मुदत एका दिवसानेही वाढत नाही. ऋणकोने मुदतीच्या आत सही करून देणे कबूल केले, तर मात्र त्या तारखेपासून पुन्हा ३ वर्षे मिळतात. नात्यातल्या माणसाकडे लेखी मागणे म्हणजे अविश्वास दाखवणे, असे अनेकांना वाटते. हा संकोच मी समजू शकतो, पण कागद नसेल तर पुढे दोघांच्या आठवणी भांडतात आणि नाते तरीही तुटतेच.

कागद असला की रस्ता जवळचा होतो. प्रॉमिसरी नोट, हुंडी किंवा ठरावीक रकमेचा लेखी करार असेल तर दिवाणी प्रक्रिया संहितेच्या ३७ व्या आदेशाखाली समरी दावा लावता येतो. त्यात प्रतिवादीला बचाव मांडण्यासाठी आधी कोर्टाची परवानगी मिळवावी लागते. चेक न वटल्यास परक्राम्य संलेख अधिनियमाच्या कलम १३८ चा फौजदारी मार्ग आहे, आणि तुरुंगाच्या धाकाने पैसे लवकर सुटतात म्हणून बरेच जण तोच पुरेसा मानतात. धाकाचा उपयोग होतो, हे खरे. पण बँकेकडून कळल्यापासून ३० दिवसांत नोटीस, मग पैसे भरायला १५ दिवस, त्यानंतर महिन्याभरात तक्रार, या साखळीतली एक कडी निसटली तरी प्रकरण अडचणीत येते. शिवाय असे खटलेही वर्षानुवर्षे चालतात, म्हणून त्यांच्या भरवशावर दिवाणी दाव्याची मुदत घालवणे धोक्याचे.

खरी कसोटी निकालानंतर लागते. भारतात पक्षकाराच्या अडचणी हुकूमनामा मिळाल्यावर सुरू होतात, हे प्रिव्ही कौन्सिलने १८७२ मध्येच नोंदवले होते. हुकूमनामा हातात आला तरी ऋणको आपणहून पैसे देईल असे नाही. न दिल्यास हुकूमनाम्याच्या अंमलबजावणीसाठी दरखास्त दाखल करावी लागते आणि तिथे नोटीस, हरकती, तारखा असा फेरा पुन्हा सुरू होतो. दरखास्त ६ महिन्यांत निकाली काढा, असे सर्वोच्च न्यायालयाने २०२१ मध्ये बजावले. तरीही २०२५ मध्ये त्याच न्यायालयासमोर आलेल्या आकडेवारीत देशभर ८ लाख ८२ हजारांवर दरखास्ती प्रलंबित होत्या आणि त्यांत सर्वाधिक महाराष्ट्रातल्या होत्या. म्हणूनच ऋणकोच्या मालमत्तेचा शोध दाव्याआधी घ्यावा, असे माझे ठाम मत आहे. सातबारा कोणाच्या नावावर आहे, खाते कोणत्या बँकेत आहे, पगार कुठून येतो हे ठाऊक नसेल तर बेलीफ जप्ती करणार कशाची? मालमत्ता विकून टाकण्याच्या हालचाली दिसत असतील, तर निकालापूर्वीच जप्तीचा अर्ज करता येतो.

कायदा बुडव्यांना सांभाळतो, अशी तक्रार नेहमी ऐकू येते. कारागिराची अवजारे, शेतकऱ्याची औते व गरजेचे बैल, पगाराचा मोठा हिस्सा यांना जप्तीतून सूट आहे. पण अवजारे नेली तर तो कमावणार कसा आणि फेडणार कशातून? निव्वळ ऐपत नाही म्हणून कोणाला दिवाणी कैदेत टाकता येत नाही, हे न्यायमूर्ती कृष्ण अय्यर यांनी १९८० च्या निकालात सांगितले. ऐपत असून टाळाटाळ करणाऱ्याला मात्र ते संरक्षण नाही. कोर्ट ऋणकोला मालमत्तेचे प्रतिज्ञापत्र द्यायला लावू शकते, पण धनकोने तसा अर्ज करायला हवा. आणि आज ऋणकोच्या नावावर काहीच नसले, तरी पैशाच्या हुकूमनाम्यावर १२ वर्षांपर्यंत दरखास्त देता येते. तेवढ्या काळात त्याला नोकरी लागू शकते किंवा वारशाने जमीन त्याच्या नावावर येऊ शकते.