अंडे कोंबडीचे, रंग कोंबड्याचाही

शिक्षकांच्या एका शिबिरात आनुवंशिकतेचा तास चालू होता. मेंडेलचे वाटाणे फळ्यावर मांडून झाले होते: उंच झाड, बुटके झाड, तीनास एक. मागच्या बाकावरील एका बाईंनी विचारले, "सर, आमच्या घरी कोंबड्या आहेत. चांगली अंडी देणारी कोंबडी आम्ही पैदाशीला ठेवतो, ते समजते. पण कोंबडा तर अंडी घालत नाही. मग तो कशावरून निवडायचा?"

वर्गात हशा पिकला. प्रश्न मात्र हसण्यावारी नेण्यासारखा नव्हता. वाटाण्याच्या गणितात न मावणारी आनुवंशिकतेची एक मोठी बाजू त्यात दडलेली आहे. ती समजून घेण्यासाठी आपण फ्रान्समधील एका गावी जाऊ. तेथील कोंबडीपालक या प्रश्नाशी जवळजवळ शंभर वर्षे झुंजत आहेत.

गडद अंड्यांची कोंबडी

फ्रान्सच्या पश्चिम किनाऱ्याजवळ, ला रोशेल बंदरापासून थोड्या अंतरावर, दलदलीच्या प्रदेशात मारां नावाचे गाव आहे. या भागातील गावठी कोंबड्यांचा जहाजांतून आलेल्या झुंजीच्या कोंबड्यांशी संकर झाला. पुढे त्यात लँगशान कोंबडीचे रक्त मिसळले. लँगशान मूळची चीनमधील. १८७२ मध्ये ती इंग्लंडला आली आणि तेथून युरोपात पसरली. तिची अंडी गडद तपकिरी असत. या सगळ्या मिश्रणातून जी जात तयार झाली तिला गावाचेच नाव मिळाले. तिच्या अंड्याचे कवच चॉकलेटसारखे गडद, कधी तांबूस काळपट असते. १९२९ मध्ये तिच्या पालकांनी फ्रान्समध्ये आपली संघटना स्थापन केली.

अंड्याच्या रंगासाठी या मंडळींनी १ ते ९ अशी पट्टी ठरवली आहे. १ म्हणजे जवळजवळ पांढरे, ९ म्हणजे अतिगडद. ४ च्या खाली रंग असेल, तर ते अंडे मारांचे मानत नाहीत. पक्ष्याच्या दिसण्याचेही नियम आहेत: एकेरी तुरा, नारिंगी डोळे, पायांच्या नळ्यांवर बाहेरच्या बाजूने थोडी पिसे. पिसाऱ्याचे प्रकार अनेक. काळ्या अंगावर मानेला तांब्याची झळाळी असलेला प्रकार सर्वांत लोकप्रिय आहे. आडव्या पट्ट्यांचा, गव्हाळ, पांढरा असेही प्रकार आहेत.

म्हणजे पैदास करणाऱ्यापुढे दोन कामे असतात: अंडे गडद हवे आणि पक्षी देखणा हवा. गंमत अशी, की या दोन कामांमागचे आनुवंशिकतेचे गणित सारखे नाही.

रंग येतो कोठून?

कोंबडीच्या शरीरात अंडे तयार व्हायला साधारण पंचवीस तास लागतात. त्यातले सुमारे वीस तास ते कवचग्रंथीत असते. तेथे त्याच्यावर कॅल्शियम कार्बोनेटचे कवच चढते. तपकिरी रंग देणारे द्रव्य म्हणजे प्रोटोपॉर्फिरिन. त्याचे आपल्या रक्ताशी नाते आहे. या रेणूच्या मध्यभागी लोहाचा अणू बसला की हीम तयार होते, आणि हीम हा हिमोग्लोबिनचा भाग. कवचाच्या तपकिरी रंगात मात्र लोह नसते.

हे रंगद्रव्य प्रामुख्याने शेवटच्या काही तासांत, कवचाच्या बाहेरच्या थरांत जमा होते. म्हणून मारांचे अंडे नखाने खरवडले तर खालचा फिका थर दिसतो. भिंतीला रंगाचा शेवटचा हात द्यावा तसा हा प्रकार. कोंबडी घाबरली, आजारी पडली किंवा अंडे वेळेआधी बाहेर आले, तर हा हात नीट बसत नाही. तलंग अंड्यावर येते तेव्हा तिची पहिली अंडी सर्वांत गडद असतात. हंगाम पुढे सरकतो तशी ती फिकी होतात, कारण अंड्याचा आकार वाढतो आणि रंगद्रव्य अधिक पृष्ठभागावर पसरते, हे त्यामागचे एक कारण. पिसे गाळून, विश्रांती घेऊन कोंबडी पुन्हा अंड्यावर आली, की रंग पुन्हा गडद होतो.

यातून पहिला धडा मिळतो. दोन कोंबड्यांची तुलना करायची तर दोघींची अंडी हंगामाच्या एकाच टप्प्यावरची हवीत. एकीचे पहिले अंडे आणि दुसरीचे ऐंशीवे अंडे शेजारी ठेवून निकाल दिला, तर तो कोंबडीचा नव्हे, कॅलेंडरचा निकाल होईल.

दोन प्रकारचे गुण

पिसाऱ्याच्या रंगातील बरेच फरक एकेका जनुकाने ठरतात. आडव्या पट्ट्यांचेच उदाहरण घ्या. पट्ट्यांचे जनुक झेड या लिंग-गुणसूत्रावर असते. पक्ष्यांत आपल्या उलट रचना असते: नराला दोन झेड, मादीला एक झेड व एक डब्ल्यू. म्हणजे कोंबडीला तिचे एकुलते एक झेड वडिलांकडून मिळते. काळा कोंबडा आणि पट्ट्यांची कोंबडी यांची जोडी लावली, तर सर्व मुलगे पट्ट्यांचे आणि सर्व मुली बिनपट्ट्यांच्या निघतात. पिल्लू एक दिवसाचे असतानाच डोक्यावरील पांढरट ठिपक्यावरून नर ओळखता येतो. विद्यार्थ्यांना हा तक्ता वहीत करायला सांगा, आणि मग जोडी उलट लावली तर काय होईल, ते विचारा.

निळसर करड्या रंगाचे गणितही सोपे आहे. दोन निळसर पक्ष्यांच्या पिल्लांत सरासरीने एक काळे, दोन निळसर आणि एक पांढुरके-ठिपकेदार, असे प्रमाण पडते. १:२:१ हे प्रमाण येथे खुराड्यात चालताना दिसते.

अंड्याचा निळा रंगही असाच, एका प्रभावी जनुकाचा. दक्षिण अमेरिकेतील आरौकाना कोंबडी निळी अंडी देते. हे जनुक एका विषाणूचा तुकडा गुणसूत्रात शिरल्यामुळे बदललेले आहे, असे २०१३ मध्ये आढळले. आरौकाना आणि मारां यांचा संकर केला, तर निळ्या कवचावर तपकिरी थर चढून ऑलिव्हच्या फळासारखी हिरवट अंडी मिळतात.

गडद तपकिरी रंग मात्र एका जनुकाचा नाही. त्याला अनेक जनुके थोडाथोडा हातभार लावतात. मारां आणि पांढरी अंडी देणारी लेगहॉर्न यांचा संकर केला, तर मुलींची अंडी मधल्या फिक्या छटेची येतात. त्यांच्या पुढच्या पिढीत सगळ्या छटा विखुरतात. समजा, पाचच जनुकजोड्या सारख्या प्रमाणात काम करतात असे धरले. तर दुसऱ्या पिढीत पाचही जोड्या पूर्ण 'गडद' असण्याची शक्यता १/४ चा पाचवा घात, म्हणजे १०२४ त एक. पट्टे हरवले तर ते दोन-तीन पिढ्यांत परत आणता येतात. गडद रंग विखुरला, तर तो गोळा करायला वर्षे जातात.

कोंबड्याला गुण कसे द्यावेत?

आता बाईंच्या प्रश्नाकडे वळू. कोंबडा अंडी घालत नाही, पण अंड्याच्या रंगाची जनुके त्याच्या पेशींत असतातच. ती व्यक्त होत नाहीत, एवढेच. पिल्लाला निम्मा वारसा आईकडून मिळतो, निम्मा वडिलांकडून. शिवाय दहा कोंबड्यांमागे एक कोंबडा असेल, तर एक कोंबडी दहाव्या हिश्श्याच्या पिल्लांची आई असते, कोंबडा मात्र सगळ्यांचाच बाप!

थोडा हिशेब करू. समजा, कळपाची सरासरी ४ आहे. आपण ६ दर्जाची अंडी देणाऱ्या कोंबड्या निवडल्या. कोंबडा डोळे मिटून घेतला, म्हणजे त्याची जनुके सरासरी ४ चीच. आईबापांची सरासरी आघाडी झाली १. रंगातील फरकाचा निम्मा भाग आनुवंशिक आहे असे मानले, तर पुढच्या पिढीत सुधारणा मिळेल अर्ध्या पायरीची. कोंबडाही ६ च्या तोडीचा मिळाला, तर आघाडी २ आणि सुधारणा पूर्ण एक पायरी. चार पिढ्यांचे काम दोन पिढ्यांत होते.

पण तो ६ च्या तोडीचा आहे हे कळावे कसे? मार्ग तीन. पहिला, तो स्वतः कोणत्या अंड्यातून निघाला ते पाहणे. येथे विद्यार्थी हमखास चुकतात. कवचाचा रंग आतल्या पिल्लाचा नसतो, तो आईचा असतो. गडद अंड्यातून निघालेला कोंबडा गडद रंगाची जनुके बाळगून आहे, असे नाही. त्याची आई ती बाळगून होती, एवढेच सिद्ध होते. दुसरा मार्ग, त्याच्या सख्ख्या बहिणींची अंडी पाहणे. तिसरा आणि सर्वांत खात्रीचा, त्याच्या मुलींची अंडी पाहणे. आई वेगवेगळ्या असूनही मुलींची अंडी गडद येत असतील, तर श्रेय बापाचे.

अडचण वेळेची आहे. तलंग अंड्यावर यायला सुमारे सहा महिने लागतात. कोंबडा वयात येणार, त्याची पिल्ले निघणार, त्यांतल्या मुली अंडी घालणार. तोवर दीड वर्ष उलटते. एवढे दिवस अनेक कोंबडे पोसणे परवडत नाही. म्हणून पालक काय करतो? मानेवर सुंदर तांबडी झळाळी असलेला एक देखणा कोंबडा ठेवतो आणि बाकीच्यांची रवानगी पातेल्यात करतो. दीड वर्षाने कळते, की गडद अंड्यांचा वारसा एका साध्या दिसणाऱ्या भावाकडे होता.

रूप की अंडे?

दोन्ही गुण एकदम मागितले तर किंमत किती पडते, तेही पाहा. १०० कोंबड्यांत अंड्याच्या रंगात वरच्या २० आणि रूपात वरच्या २० घ्यायच्या आहेत. दोन्ही गुण एकमेकांपासून स्वतंत्र असतील, तर दोन्ही कसोट्यांना उतरणाऱ्या कोंबड्या सरासरीने चारच. तिसरी अट घातली, तर एकही उरण्याची खात्री नाही. म्हणून आधी अंडे, मग बांधा, शेवटी पिसारा, असा क्रम शहाणपणाचा. जो गुण परत मिळवणे सर्वांत कठीण, त्याला पहिले स्थान द्यावे.

एकेरी जनुकांचे गुणसुद्धा कधी लपून बसतात. मारांचे पाय पिवळे असणे हा दोष मानतात. पिवळ्या त्वचेचे जनुक अप्रभावी आहे. म्हणून ते एकच घेऊन फिरणारा कोंबडा पांढऱ्या पायांचाच दिसतो. संशय असेल तर त्याची जोडी पिवळ्या पायांच्या कोंबड्यांशी लावतात. तो वाहक असेल तर प्रत्येक पिल्लू पांढऱ्या पायांचे निघण्याची शक्यता निम्मी. सलग सात पिल्ले पांढऱ्या पायांची निघाली, तर तो वाहक असूनही असे घडण्याची शक्यता १२८ त एक, म्हणजे एक टक्क्याहून कमी.

हा फ्रेंच दोष मुळात आपल्याकडचा आहे. पाळीव कोंबडी प्रामुख्याने लाल रानकोंबड्यापासून आली. पण पिवळ्या त्वचेचे जनुक तिला करड्या रानकोंबड्याकडून मिळाले, असे २००८ मध्ये जनुकीय अभ्यासातून दिसून आले. हा पक्षी सह्याद्रीसह भारतीय द्वीपकल्पातच राहतो.

एकाच कोंबड्याचा धोका

उत्तम कोंबडा सापडला की सगळा कळप त्याच्यापासूनच वाढवण्याचा मोह होतो. पण मग पुढच्या पिढीत सगळी भावंडेच. कळपाचा 'परिणामकारक' आकार नर व माद्या यांच्या संख्यांच्या गुणाकाराच्या चौपटीला त्यांच्या बेरजेने भागून काढतात. १ कोंबडा व १० कोंबड्या असतील तर ४० भागिले ११, म्हणजे ३.६. खुराड्यात अकरा पक्षी, पण आनुवंशिकतेच्या दृष्टीने चारसुद्धा नाहीत! दुसरा कोंबडा ठेवला की हा आकडा ६.७ होतो. रक्तसंबंध दाटले, की अंडी कमी उबतात, पिल्ले अशक्त निघतात. म्हणून जाणते पालक दोन-तीन कुळे वेगळी राखतात आणि दर पिढीला कोंबडे एका कुळातून दुसऱ्यात पाठवतात.

वर्गात करून पाहा

बाजारातून एक तपकिरी व एक पांढरे अंडे आणा. अंधाऱ्या खोलीत नोटा तपासायच्या अतिनील दिव्याखाली धरा. तपकिरी अंडे लालसर चमकेल, ती प्रोटोपॉर्फिरिनची खूण. दिव्याकडे थेट पाहू नये, हे मुलांना आधी बजावा. नंतर तपकिरी अंडे व्हिनेगरमध्ये ठेवा. बुडबुडे येऊ लागल्यावर काही वेळाने बोटाने चोळा. रंग निघून येईल. तपकिरी अंडे अधिक पौष्टिक असते, ही समजूत याच वेळी तपासता येईल. कवचाच्या रंगाचा आतल्या पोषणाशी संबंध नाही.

बाईंना मी त्या दिवशी एवढेच सांगितले, "कोंबडा त्याच्या बहिणींवरून आणि मुलींवरून निवडा." त्यावर त्या म्हणाल्या, "म्हणजे वही ठेवायला हवी." अगदी बरोबर. कोणत्या कोंबडीचे अंडे, कोणत्या दिवसाचे, रंग किती, त्यातून निघालेले पिल्लू कोणते, याची नोंद असल्याशिवाय कोंबड्यातला लपलेला गुण दिसत नाही. मेंडेलने आपल्या बागेत वाटाणे लावले, तसे ते मोजून लिहूनही ठेवले. त्यामुळेच त्याला नियम दिसले.