मृगाआधीचा साकव

कोकणात आडबाजूच्या कितीतरी वाड्या पावसाळ्यात साकवाच्या भरवशावर असतात. साकव म्हणजे वहाळावर टाकलेला लाकूड-बांबूचा पायपूल. उन्हाळ्यात कोरडा असलेला वहाळ मृगानंतर एका रात्रीत दुथडी भरतो आणि शाळा, दवाखाना, एसटीचा थांबा पलीकडच्या तीरावर राहतो. म्हणून मे महिन्याच्या अखेरीस गावकरी श्रमदानाने साकव घालतात.

आधी जागा ठरते. पात्र अरुंद, काठ उंच आणि दोन्ही तीरांवर दोर बांधायला भक्कम झाड, एवढं तरी हवंच. मागच्या पुराचं पाणी कुठवर चढलं होतं, हे झाडाझुडपांत अडकलेल्या पालापाचोळ्यावरून कळतं. साकव त्याच्या वर घेतात. आडवे सोट माडाचे किंवा पोफळीचे. या झाडांचा कस बाहेरच्या थरात असतो, गाभा मऊ असतो, त्यामुळे जून झाडाचा बुंध्याकडचा भाग मोलाचा. सोटांवर बांबू आडवे रचून काथ्याच्या दोराने आवळतात. काथ्या पाण्यात लवकर कुजत नाही, आणि बांधलेला सांधा पावलाखाली थोडा लवला तरी तुटत नाही. शेवटी कठड्याला लांब बांबू. डोक्यावर भारा घेतलेल्या माणसाचा एक हात त्यावर असतो, त्यामुळे साकवात सर्वांत जपून बांधायचा भाग हाच.

लाकडात सुमारे २० टक्क्यांहून अधिक ओल टिकली की बुरशी धरते. युरोप-अमेरिकेत लाकडी पुलांवर छप्पर चढवलं ते मुख्यतः यासाठीच. स्वित्झर्लंडमधल्या ल्युसर्नचा छपरी पूल १४व्या शतकातला. १९९३च्या आगीत त्याचा मोठा भाग जळाला, तो पुन्हा बांधला गेला. कोकणातल्या साकवाला छप्पर नसतं. इथे लाकूड टिकवण्यापेक्षा बदलण्यावर भर असतो, आणि दरवर्षीच्या या कामातूनच बांधणीची जाण पुढच्या पिढीकडे जाते. ही जाण जपण्याजोगी आहे.

आता सार्वजनिक बांधकाम विभाग सिमेंटचे साकव बांधतो आणि ते हवेतच. आजारी माणसाला दवाखान्यात न्यायला तेच खात्रीचे. पण जिथे ते पोहोचलेले नाहीत, तिथे मुंबईच्या उपनगरांतून गणपतीला येणारे चाकरमानी अजून लाकडावरूनच घर गाठतात. त्यांनी पूर ओसरल्यावर आधी दोन्ही काठांवरच्या गाठी पाहाव्यात, एका वेळी एकानेच जावं, आणि पाणी सोटांना टेकलेलं असेल तर साकवावर पाऊल ठेवूच नये.