दहा कोटी टाळ

शेगावहून पंढरीला निघालेली गजानन महाराजांची पालखी परभणी, दैठणा, गंगाखेड अशी मजल मारत परळीकडे जाते, तेव्हा तिच्यात साधारण सातशे माणसं असतात. त्यांतले सुमारे अडीचशे टाळकरी. वाट सातशे किलोमीटरहून लांब, दिवस महिन्याच्या वर. एक टाळकरी दिवसातून चारच तास टाळ वाजवतो असं धरू, आणि मिनिटाला साठच ठोके. दोन्ही आकडे मी हात राखून धरले आहेत. तरी एकाचे दिवसाला 14,400 ठोके होतात, अडीचशे जणांचे 36 लाख आणि तीस दिवसांचे 10 कोटी 80 लाख! 2011 च्या जनगणनेत परभणी जिल्ह्याची लोकसंख्या होती 18,36,086. वाटणी केली तर पाळण्यातल्या बाळापासून प्रत्येकाच्या वाट्याला 59 ठोके येतात, म्हणजे जवळजवळ मिनिटभराचा टाळ.

शेगावची ही पायी वारी 1968 पासूनची. यातली माणसं पेशानं गवई नव्हेत. गावच्या देवळात हरिपाठाला उभं राहून टाळ धरायला शिकलेली. हौशी समूहगान म्हणून जगभर जे नावाजलं जातं, त्याच्या रांगेत मला ही दिंडी मानानं बसवावीशी वाटते.

त्या रांगेतले आकडेही डोळे दिपवणारे आहेत. 1872 साली अमेरिकेत बोस्टनला वीस हजार गायक आणि दोन हजार वादक एका छताखाली जमले होते. व्हिएन्नाचा संगीतकार योहान स्ट्राउस तिथं संचालनाला गेला. एवढ्या लोकांना एकट्याची काठी दिसेना, म्हणून हाताखाली जागोजाग उपसंचालक उभे करावे लागले, आणि सुरुवातीची खूण म्हणून तोफ डागली गेली, असं त्यानं पुढं सांगितलं. जपानात ओसाकाला 1983 पासून दरवर्षी डिसेंबरात दहा हजार हौशी गायक बेथोव्हेनची नववी सिंफनी गातात. आणि 30 जानेवारी 2011 रोजी चेन्नईजवळ पेरुंगलथूरला 1,21,440 जण एकत्र गायले. सर्वांत मोठं समूहगान म्हणून गिनीज बुकात त्याची नोंद झाली.

पण लाख माणसं गायली म्हणून आवाज लाखपट होत नाही. गाणारे दहापट झाले की आवाज दहा डेसिबलनं वाढतो, आणि आपल्या कानाला तो साधारण दुप्पट वाटतो. एकाचे दहा, दहाचे शंभर, शंभराचे हजार झाले की आवाज आठपट. लाख माणसं एकाच अंतरावरून गायली, तरी बत्तीसपटच! गर्दी खरं काम करते ते वेगळंच. कुणाचा सूर केसभर चढा, कुणाचा उतरलेला, तो सगळा मिळून एक रुंद, भरीव सूर तयार होतो आणि त्यात कच्चा गळाही सामावून जातो. न शिकलेल्यांनी एकत्र गाण्यात एवढं सुख का, याचं निम्मं उत्तर मला इथं सापडतं.

दुसरी अडचण वेगाची. उन्हाळ्याच्या हवेत ध्वनी सेकंदाला सुमारे 350 मीटर जातो. किलोमीटरभर लांब मिरवणुकीत पुढचा टाळ मागच्याला ऐकू येईस्तोवर जवळजवळ तीन सेकंद उलटतात. सेकंदाला एक ठोका धरला तर तो तीन ठोके मागे पडला. लय द्रुत झाली की नव्वद मीटरवरच अर्ध्या ठोक्याची चूक. एवढ्या लांबीचा एकच ताल कुणालाच सांभाळता येणार नाही.

वारीनं यावर काढलेली तोड मला थोर वाटते. गर्दीचे तिनं तुकडे केले. आळंदीच्या ज्ञानेश्वरांच्या पालखीत रथापुढे 27 दिंड्या, रथामागे दोनशेहून अधिक. प्रत्येक दिंडीला आपला विणेकरी, आपला मृदंग, दोन्ही अंगांना टाळकरी. ताल कानाच्या टप्प्यात राहतो आणि काठीवाला संचालक लागत नाही. वाटेनं कोणते अभंग कोणत्या क्रमानं म्हणायचे, ते परंपरेनं ठरलेलं. मुक्कामाला समाज आरतीच्या वेळी चोपदार दंड उंच करतो आणि शेकडो दिंड्यांचे टाळ एकदम थांबतात. एखाद्या दिंडीची काही तक्रार असेल, तर तिनं टाळ वाजवतच राहायचा. चोपदार तिथं जाऊन गाऱ्हाणं ऐकतो. अथांग गर्दीत शंभर माणसांचं म्हणणं वेगळं ऐकू यावं, अशी सोय आणखी कुठल्या समूहगानात आहे, मला ठाऊक नाही.

हे सारं टिकतं ते गावात. शेगाव संस्थानानं हजारो गावांच्या भजनी मंडळांना टाळ, मृदंग, वीणा आणि ग्रंथ दिले आहेत. गावात अखंड हरिनाम सप्ताह बसला की सात दिवस, म्हणजे 168 तास, वीणा खाली ठेवायची नसते. दोन-दोन तासांचा पहारा धरला तर 84 पहारे झाले. छोट्या गावात तेवढे हात जमवणं सोपं नसतं, म्हणून एकेक जण रात्री-अपरात्री पुन्हा उभा राहतो.

शेगावच्या पालखीच्या वाटेवरचं गंगाखेड हे संत जनाबाईंचं गाव. नामदेवांच्या घरी दळणकांडण करणाऱ्या या बाईच्या नावावर साडेतीनशेच्या आसपास अभंग आहेत. ओव्या गात जात्यावर बसायच्या एक किंवा दोन बाया, समूह म्हणावा तर सर्वांत लहान. पण हेमा राईरकर आणि गी पॉइटेव्हिन या अभ्यासकांनी या ओव्या गोळा करायला घेतल्या, तेव्हा महाराष्ट्रातल्या हजाराहून अधिक गावांतून एक लाखाहून अधिक ओव्या निघाल्या. पूर्णा तालुक्यातलं ताडकळस हे त्यांतलंच एक गाव. पहाटे आपापल्या घरात, एकमेकींना न पाहता गाणाऱ्या या बायांची मोजदाद अजून कुठल्या विक्रमाच्या वहीत झालेली नाही.