‘एक्स्प्लेन अवे’ : स्पष्टीकरण की बोळवण?

‘एक्स्प्लेन’ म्हणजे स्पष्ट करणं, हे आपण शाळेत शिकलो. त्याला ‘अवे’ हे एवढंसं अव्यय चिकटलं की अर्थाची दिशाच बदलते. ‘वॉश अवे’ म्हणजे धुऊन काढणं. तसं ‘एक्स्प्लेन अवे’ म्हणजे स्पष्टीकरण देऊन ती गोष्टच नाहीशी करणं. मराठीत असं काम आपण संयुक्त क्रियापदाकडून करून घेतो. सांगणं वेगळं, सांगून टाकणं वेगळं. ‘उडवून लावणं’ बरंच जवळचं आहे, पण त्याला कारण द्यावं लागत नाही. इथे कारण देऊन उडवून लावायचं असतं!

रोजच्या इंग्रजीत हा प्रयोग बहुधा सारवासारवीसाठी येतो. हिशेबात पैसे कमी भरले आणि कारकुनाने काहीबाही कारण सांगितलं, तर ‘ही ट्राइड टु एक्स्प्लेन इट अवे’. सर्वनाम मध्येच बसतं, ‘एक्स्प्लेन अवे इट’ होत नाही. व्याकरण एवढंच.

तत्त्वज्ञानात मात्र प्रकरण गंभीर होतं. वेदान्तातला रज्जुसर्प घ्या. दिवा आणला, दोरी दिसली. साप ‘एक्स्प्लेन अवे’ झाला, कारण तो नव्हताच. आता इंद्रधनुष्य घ्या. पावसाच्या थेंबांत प्रकाश वळतो आणि रंग वेगळे होतात, हे न्यूटनने १७०४ च्या ‘ऑप्टिक्स’मध्ये मांडलं. १८२० साली प्रसिद्ध झालेल्या ‘लेमिया’त कीट्सची तक्रार अशी, की असल्या विचाराने इंद्रधनुष्याची जादू गेली. पण इंद्रधनुष्य गेलं का? ते आहे तिथेच आहे. म्हणजे ते नुसतं ‘एक्स्प्लेन’ झालं. कीट्स आम्हाला आवडतो, पण इथे आम्ही न्यूटनच्या बाजूचे.

खरा घोटाळा माणसांच्या बाबतीत होतो. तपासणीत काही निघालं नाही की रोग्याला सांगितलं जातं, ‘मनाचे खेळ आहेत’. अहो, दुखणं मनातून आलं तरी दुखतंच ना? ते रज्जुसर्पासारखं नाहीसं होत नाही. आम्हा सत्तरीतल्यांचं मत तर ‘वय झालं’ एवढ्या दोन शब्दांत निकालात निघतं. आणि आपणही तेच करतो. सून म्हणते, ‘या घरात माझं कुणी ऐकत नाही.’ आपण म्हणतो, ‘अगं, दमलीयस तू.’ ती दमलेली असेलही. ती आत्ताच का बोलली, याचं ते कारण असू शकेल. ती बोलली ते खरं की खोटं, हे त्यावरून ठरत नाही. त्यासाठी तिच्याजवळ बसून विचारावं लागतं, ‘ऐकत नाही म्हणजे नेमकं कधी?’