रंगीत काचांची शुश्रूषा

मुंबईस निघालेल्या आप्तांना आम्ही एक गोष्ट आवर्जून सांगत असतों. कोटांतील विद्यापीठाच्या जुन्या ग्रंथालयांत शिरण्याची परवानगी मिळाली, तर तेथील रंगीत काचांच्या खिडक्या अवश्य पाहाव्या. सर जॉर्ज गिल्बर्ट स्कॉट यांच्या आराखड्याची ही वास्तु राजाबाई मनोऱ्यासह १८७८ सालीं पुरी झाली. शेजारच्या पदवीदान सभागृहाच्या वर्तुळाकार खिडकींत तर बारा राशी आहेत. कुरकुंभाहून गेलेल्या आमच्या घरच्या मंडळींनीं तेथें आपापली रास शोधून काढली, आणि त्या गडबडींत ग्रंथालय पाहावयाचेंच राहून गेलें!

अशी खिडकी म्हणजे एकसंध तावदान नव्हे. भट्टींतच रंगलेल्या काचेचे तुकडे कापून शिशाच्या खोबणीदार पट्ट्यांत बसवितात आणि पट्ट्यांचे सांधे डाक देऊन जोडतात. चेहरे, वस्त्रांच्या चुण्या इत्यादि बारीक रेषा काचेची भुकटी मिसळलेल्या रंगानें काढून तुकडे पुन्हां भाजतात. शंभर-सव्वाशें वर्षांनीं बहुधा शिसें थकतें, काच टिकून असते. उन्हानें तापून, वाऱ्यानें हलून पट्ट्या चिरतात, तावदान पोटाशीं फुगतें, फटींतून पावसाचें पाणी आंत येतें. मुंबईच्या खाऱ्या हवेंत आधाराच्या लोखंडी सळया गंजून फुगतात, त्यांचा दाब निराळाच.

२०१३ ते २०१५ ह्या काळांत ग्रंथालयाचा जीर्णोद्धार झाला, तेव्हां खिडक्यांचें काम श्रीमती स्वाती चांदगडकर यांनीं पाहिलें. ह्या विद्येची रीत मोठी सोशीक आहे. प्रथम तावदानाचें छायाचित्र घ्यावयाचें. मग त्यावर कागद ठेवून, पेन्सिल घासून शिशाच्या रेषांचा ठसा उमटवावयाचा. तुकड्यांना अनुक्रम द्यावयाचे. तेव्हां कोठें पट्टी सोडवावयाची. शुद्ध पाण्यांत भिजविलेल्या कापसाच्या बोळ्यानें मळ टिपतात. तडकलेला तुकडा शक्यतों सांधूनच परत लावतात. नवी काच केवळ हरवलेल्या जागीं. इंग्लंडांत यॉर्क येथील मंदिराच्या पूर्वेकडील महाखिडकीचीं, म्हणजे १४०८ सालीं पुऱ्या झालेल्या कामाचीं, ३११ तावदानें अशींच उतरवून दुरुस्त केलीं. तें काम २०१८ सालीं संपलें.

सर्वांत कठीण काम म्हणजे हात आंवरणें. जुनी काच काढून बाजारची नवी बसविणें कंत्राटदारास सोपें पडतें, खर्चहि कमी येतो. नवी काच दिसते लखलखीत. पण यंत्रावरच्या सपाट काचेंत जुनीचे बुडबुडे नि लहरी नसतात, आणि तिच्यांतून येणारा उजेड निर्जीव वाटतो.

हात न आंवरल्याचा दाखला आमच्याच घरीं आहे. दिवाणखान्याच्या दारावरील एका तावदानावर लक्ष्मी रंगविलेली होती. तो रंग भाजलेला नव्हता, नुसता काचेच्या मागल्या बाजूस लावलेला होता. हें आम्हांस कोठून ठाऊक? एका दिवाळीपूर्वीं आम्हींच तें तावदान सोड्याच्या पाण्यानें घासलें. कमळ राहिलें, हातांतील मोहोरा राहिल्या, मुख गेलें. नवी काच बसवा, असें पुष्कळांनीं सुचविलें. घरच्या वडील बाईंनीं तें ऐकलें नाहीं. अजूनहि सांजवात लावली कीं त्या त्याच कमळाकडे पाहून हात जोडतात.