धुराडे आणि छप्पर यांचा सांधा

जुन्या घराचे छप्पर गळू लागले म्हणजे घरमालकाची दृष्टी प्रथम फुटलेल्या कौलाकडे जाते. परंतु पाणी पुष्कळदा कौलातून शिरत नाही. दोन भिन्न वस्तू जेथे एकमेकींना भिडतात, तेथे ते शिरते. इंग्लंडमधील जुन्या घरांत अशी सर्वांत नाजूक जागा म्हणजे विटांचे धुराडे छपरातून वर येते ती होय. या एका सांध्याची दुरुस्ती कशी करावी, हा प्रश्न दिसावयास लहान असला तरी त्यात पदार्थविज्ञानाचे बरेच धडे साठविलेले आहेत.

सांधा का उघडतो?

धुराडे हे विटांचे जड बांधकाम. ते आपल्या पायावर उभे असते. छप्पर मात्र लाकडी वाशांचे असते. लाकूड ओलाव्याने फुगते, कोरडे पडले की आकसते आणि वाऱ्याच्या दाबाने किंचित हलते. दोन्हींच्या हालचाली सारख्या नसल्यामुळे त्यांच्यामध्ये सिमेंटचा पट्टा लिंपला, तर तो थोड्याच वर्षांत तडकतो. तडा केसाएवढा असला तरी पुरतो. केशाकर्षणामुळे पाणी त्यात ओढले जाते. आत गेलेले पाणी वाशाच्या टोकाशी मुरते. लाकडातील ओलावा सुमारे २० टक्क्यांच्या वर दीर्घकाळ राहिला की बुरशी वाढू लागते. खोलीच्या छतावर डाग उमटेपर्यंत वासा आतून कुजलेलाही असू शकतो.

शिसेच का?

या सांध्यावर घालण्यासाठी इंग्लंडमध्ये शतकानुशतके शिशाचा पत्रा वापरला जात आहे. बाथ या गावी रोमन लोकांनी बांधलेल्या स्नानगृहाच्या मोठ्या हौदास शिशाच्या पत्र्यांचे अस्तर आहे. ते आजही पाहावयास मिळते. ‘प्लंबर’ हा शब्ददेखील शिशाच्या लॅटिन नावावरून, ‘प्लंबम’वरून, आला आहे.

शिसे मऊ असते. लाकडी मोगरीने ठोकले की ते विटांच्या आणि कौलांच्या उंचसखल पृष्ठभागावर चपखल बसते. उघड्या हवेत त्यावर करड्या रंगाचा घट्ट थर तयार होतो आणि तोच पुढे धातूचे रक्षण करतो. नव्या पत्र्यावर पाऊस पडल्यास प्रथम पांढरे कार्बोनेट तयार होऊन त्याचे ओघळ कौलांवर येतात. म्हणून कारागीर काम संपताच पत्र्यावर विशिष्ट तेलाचा हात देतात.

लहान तुकड्यांचे मर्म

शिशाचा मुख्य दोष त्याच्या गुणातच दडलेला आहे. एक मीटर लांबीचा पत्रा तपमान १ अंश सेल्सिअसने वाढले असता ०.०२९ मिलिमीटरने लांबतो. दीड मीटरच्या पत्र्यात ५० अंशांच्या फरकाने ही वाढ सुमारे २.२ मिलिमीटर होते. तीन मीटरच्या पत्र्यात ती दुप्पट. पत्रा चहूबाजूंनी जखडला असेल, तर ही वाढ जावयाची कोठे? तो फुगून वळ्या पडतात. उन्हा-थंडीच्या फेऱ्यांत त्याच त्याच जागी वाकून अखेरीस धातू थकतो व चिरतो. शिवाय शिसे ३२७ अंशांवर वितळत असल्याने नेहमीच्या तपमानातही ते स्वतःच्या भाराने हळूहळू ओघळू पाहते.

म्हणून नियम असा की, तुकडा दीड मीटरहून लांब नसावा. शेजारच्या तुकड्यावर तो निदान १०० मिलिमीटर चढावा. आणि त्याची वरची कडच काय ती पक्की करावी. या कामात वापरल्या जाणाऱ्या एका सामान्य पत्र्याची जाडी १.८ मिलिमीटर असते. इंग्लंडमध्ये त्यास ‘चार क्रमांकाचा’ म्हणतात, कारण जुन्या मापाने त्याचे वजन चौरस फुटास चार पौंड भरत असे.

रचनेचा क्रम

काम खालून वर चालते. प्रथम धुराड्याच्या पुढील अंगास झालरीसारखा पत्रा बसवितात. मग दोन्ही बाजूंस प्रत्येक कौलाखाली एकेक लहान पत्रा सरकवून तो भिंतीलगत उभा वळवितात आणि त्यावर पायऱ्यांच्या आकाराची पट्टी आणतात. शेवटी, उतारावरून येणारे पाणी जेथे अडते, त्या मागील अंगास शिशाची पन्हळ करतात. प्रत्येक वरचा तुकडा खालच्यावर चढलेला असतो. पत्र्याची वरची कड विटांमधील दर्जेत २५ मिलिमीटर आत घालून शिशाच्याच पाचरांनी आवळतात.

दर्जा भरताना जुन्या, मऊ विटांच्या बांधकामात चुना वापरणे हितावह असते. कठीण सिमेंटमुळे ओलावा दर्जेतून बाहेर पडू शकत नाही. तो विटेतून निघतो आणि गोठला की विटेचे पापुद्रे सुटतात.

डागाचे निदान

खर्चास हात घालण्यापूर्वी डाग केव्हा उमटतो हे पाहावे. पावसानंतर लगेच उमटत असेल, तर सांध्याचा किंवा विटांचा संशय घ्यावा. पाऊस नसतानाही केवळ दमट हवेत उमटत असेल, तर दोष बहुधा क्षारांचा असतो. कोळशाच्या धुरातील क्षार वर्षानुवर्षे विटांत साठतात आणि हवेतील पाणी शोषून घेतात. १९५२ साली लंडनमध्ये प्राणघातक धूरधुके पसरले. त्यानंतर १९५६ मध्ये स्वच्छ हवेचा कायदा झाला आणि पुढे असंख्य शेगड्या विझल्या. अशी थंड पडलेली धुराडी वरून पूर्ण बंद केल्यास आत दमटपणा कोंडतो. त्यांवर पाऊस अडविणारी परंतु वारा खेळू देणारी टोपी बसवावी लागते.

काम करवून घेताना

हे काम शिडीवर तोल सांभाळत करण्याजोगे नव्हे; त्यास कठड्याची परांची हवी. शिसे विषारी असल्याने हाताळल्यावर हात धुतल्याविना अन्नास स्पर्श करू नये. वटवाघळांना ब्रिटनमध्ये १९८१ च्या कायद्याने संरक्षण असल्यामुळे छपरात त्यांचा वास आहे काय, हेही आधी पाहणे भाग असते. परांची एकदा बांधली म्हणजे सैल कौले, दर्जा व पन्हळी यांचीही दुरुस्ती त्याच वेळी उरकणे शहाणपणाचे ठरते.

शिमला, दार्जिलिंग किंवा उटी येथील जुन्या बंगल्यांवरही अशी धुराडी दिसतात, आणि पावसाचे नियम तेथेही तेच आहेत. घर ऋतूंबरोबर हलणारच. त्याची हालचाल दडपून टाकणारी दुरुस्ती लवकर तडकते. तिला वाव ठेवणारी दुरुस्ती पुष्कळ वर्षे टिकते.